नॅरोबोटीवरची शिदोरी

इंग्लंडच्या कालव्यांवर सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या नॅरोबोटीची रुंदी साधारण सहा फूट दहा इंच असते आणि हा आकडा तिच्यावर सामान भरणाऱ्याने सर्वांत आधी पाठ करावा, असे माझे मत आहे. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली आणि त्याच्या बरोबरीच्या अभियंत्यांनी मिडलंड्समधील कालवे खोदले, तेव्हा पाणी आणि पैसा वाचावा म्हणून लॉकची, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदांची, रुंदी सात फुटांच्या आसपास ठेवली. त्यांतून जाणाऱ्या बोटींना मग त्याहून जाड होण्याची सोयच उरली नाही. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत वाढू शकते. त्यामुळे झोपण्याची जागा, न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि बैठक अशी सारी घरे आगगाडीच्या डब्यासारखी एकामागे एक लागतात, आणि पुढच्या टोकाला राहिलेली साखर आणायला निघालेला माणूस वाटेत तिघांना उठवून, दोघांची क्षमा मागून, मगच तिथे पोहोचतो. अशा घरात 'आणखी एक पिशवी राहू दे' हे वाक्य फार विचारपूर्वक उच्चारावे लागते.

आम्ही बर्मिंगहॅमला राहतो, त्यामुळे कालवा हा आमच्यासाठी परका विषय नाही. पण आमचा जीव जडला आहे तो वेल्सच्या सीमेवर चढत जाणाऱ्या लँगॉलेनच्या कालव्यावर. या कालव्यावरची पहिली सहल ठरली, तेव्हा पुण्याहून आलेल्या माझ्या आईने तयारीची सूत्रे आपल्याकडे घेतली. प्रवासाला निघायचे म्हणजे तहानलाडू आणि भूकलाडू बांधून घ्यायचे, ही तिची साधी समजूत. बोट भाड्याने देणाऱ्यांनी पाठवलेली सामानाची यादी मी तिला वाचून दाखवली. तीत हातमोजे, विजेरी, पावसाळी जाकीट आणि न घसरणारे बूट होते. "अगं, यात खायचं काहीच नाही," एवढेच ती म्हणाली आणि भाजणी भाजायला उठली.

खरे पाहता कालव्यावर उपाशी राहण्याची भीती नसते. बोट ताशी चार मैलांच्या मर्यादेत, म्हणजे चालत्या माणसाच्या गतीने जाते आणि कालव्याच्या काठाने गावे लागत राहतात. एल्समिअरला तर कालव्याचा एक छोटा फाटा गावाच्या तोंडाशी जातो आणि तिथून मोठे दुकान अगदी जवळ आहे. परंतु इथे अंतर मैलांत मोजून चालत नाही, ते वेळेत मोजावे लागते. तीन मैलांवरचे दुकान म्हणजे निदान एक तास. मध्ये लॉक लागले तर प्रत्येकामागे दहा-पंधरा मिनिटे आणखी, आणि समोरून रांग असेल तर विचारूच नये. लँगॉलेनच्या कालव्यावर एकवीस लॉक आहेत आणि त्यांतील ग्रिंडली ब्रुकचे तीन तर पायऱ्यांसारखे एकमेकांना जोडलेले आहेत; उन्हाळ्यात तिथे ताटकळताना दुपारचा चहा दोनदा होतो. दूध, पाव, अंडी, बटाटे वाटेत मिळतात. श्रॉपशरच्या खेड्यांत जे मिळत नाही ते आमसूल, गोडा मसाला, कढीपत्ता आणि पोहे. म्हणून आमची भरणी आता उलट्या दिशेने होते. जड आणि नाशवंत वस्तू वाटेवर सोडायच्या आणि हलक्या पण दुर्मिळ वस्तू घरून न्यायच्या.

अन्नाहून मोठा प्रश्न पाण्याचा. पिण्या-अंघोळीचे पाणी बोटीच्या पोटातील टाकीत असते, बहुधा पुढच्या टोकाला, आणि ते काठावरच्या नळाला रबरी नळी जोडून भरावे लागते. त्या नळांचे दार उघडणारी एक खास किल्ली बोटीबरोबर देतात. टाकी काठोकाठ भरली की पुढचे टोक खाली बसते आणि रिकामी होऊ लागली की हळूहळू वर येते. जाणती माणसे बोटीच्या बसण्यावरूनच पाण्याचा अंदाज घेतात. गंमत अशी, की ज्या पाण्यावर आपण तरंगतो ते पिण्यासाठीच निघालेले असते. डी नदीवर हॉर्सशू फॉल्स नावाचा बांध आहे; तिथून पाणी या कालव्यात शिरते आणि शेवटी हर्लस्टनच्या जलाशयात जाऊन, शुद्ध होऊन, घरोघरच्या नळांना मिळते. 1944 साली कायद्याने हा कालवा वाहतुकीसाठी बंद ठरवला गेला, तरी पाणीपुरवठ्याच्या या उपयोगामुळेच तो बुजला नाही. म्हणजे भोवती पिण्याच्या पाण्याचा प्रवाह आणि आत आपण तांदूळ धुताना दुसऱ्यांदा नळ उघडावा की नाही या विवंचनेत! मालवाहू बोटींच्या काळात तर टाकी नसे. छपरावर गुलाबांची चित्रे रंगवलेली पत्र्याची घागर असे आणि सगळे कुटुंब त्यावर भागवी.

पाणी आत येते तसे बाहेरही जाते, आणि तिथे आपल्या स्वयंपाकाची खरी परीक्षा होते. मोरीचे आणि न्हाणीचे सांडपाणी थेट कालव्यात पडते. मग तेलकट कढई धुवायची कशी? आमच्या सामानात म्हणून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा असतो. प्रत्येक भांडे आधी कागदाने पुसून, तो कागद केराच्या पिशवीत टाकून, मगच धुतले जाते, आणि साबणही निसर्गाला सोसवेल असाच असतो. तळण अर्थातच बंद. सांडगे आणि कुरडया नेण्याचा आईचा बेत या एका कारणावर मोडला आणि तो मोडल्याचे दुःख तिने पाँटकसिस्टेच्या उंच जलसेतूपर्यंत बाळगले. शौचालयाचेही तसेच आहे. ते एका टाकीत किंवा पेटीत साठते, ठरावीक ठिकाणी रिते करावे लागते, आणि त्यात ओल्या रुमालांसारखे काही टाकले तर त्याचा भुर्दंड सर्वांना पडतो. सामानाची यादी करताना माणसे आत काय न्यायचे याचा विचार करतात. बोटीवर मात्र प्रत्येक वस्तूला, 'तू शेवटी जाणार कुठे?' असे विचारून मगच तिला जागा द्यावी.

विजेचा हिशेब वेगळा. दिवे, पंप आणि छोटा फ्रीज बॅटऱ्यांवर चालतात आणि त्या बॅटऱ्या इंजिन चालेल तेव्हा भरतात. घरगुती वीज देणारे यंत्र काही बोटींवर असते, पण विजेची किटली किंवा केस वाळवायचे यंत्र लावले तर रात्री फ्रीज मुकाट्याने बसतो. म्हणून चहासाठी गॅसवरची शिट्टीची किटली, आणि मिक्सरऐवजी घरूनच केलेले कोरडे वाटण. भाजलेले सुके खोबरे, तीळ आणि लाल तिखट यांचा एक डबा नेला की आमटी आणि उसळ दोन्ही उभ्या राहतात. खलबत्ता न्यावा असा आईचा आग्रह होता, आणि मी तो मान्य केला. त्याचे वजन पाहता तो बोटीच्या मधोमध, फरशीलगत ठेवला जातो.

ही वजनाची गोष्ट थट्टेची नाही. नॅरोबोटीचा तळ सपाट असतो आणि तोल राखण्यासाठी फरशीखाली विटा किंवा लाद्या भरलेल्या असतात. तरीही तांदूळ, डाळी, बटाटे आणि पाण्याच्या बाटल्या साऱ्या एकाच बाजूच्या कपाटांत कोंबल्या, तर बोट त्या अंगाला कलते. मग टेबलावरचा पेला हळूच सरकू लागतो आणि रात्री अंथरुणावर माणूसही. जड वस्तू खाली आणि दोन्ही अंगांना वाटून, हलक्या वस्तू वर, हा नियम. बोटीच्या सामानाविषयी जे सल्ले मिळतात, त्यांतील पुष्कळसे समुद्रावर शिडे उभारून जाणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात, आणि कालव्यावरचे लोक ते भक्तिभावाने पाळतात, याची मला मौज वाटते. डब्यांवरचे कागद सोलून वर शाईने नाव लिहावे, कारण ओले कागद सुटून तळातले पाणी उपसणारा पंप तुंबतो, हा सल्ला खोल समुद्रावर शहाणपणाचा आहे. कमरेएवढ्या पाण्यातून जाणाऱ्याने तो पाळला, तर शाई पुसली जाऊन मक्याऐवजी कुत्र्याचे खाणे उघडण्याचीच शक्यता अधिक. मात्र झाकणे घट्ट हवीत आणि बरण्या काचेच्या नकोत, हे इथेही खरे आहे. लॉकमध्ये पाणी चढू लागले की बोट पुढे-मागे ओढली जाते, दाराला एखादा धक्का देते, आणि उंच फळीवरची लोणच्याची बरणी त्याच क्षणाची वाट पाहत असते. आतून दुसरे झाकण असलेला पितळी मिसळणाचा डबा या धक्क्यांसाठीच घडवला असावा, इतका तो निर्धास्त राहतो.

गॅसच्या टाक्या पुढच्या टोकाच्या वेगळ्या कप्प्यात असतात. त्या कप्प्याला तळाशी भोके ठेवलेली असतात, कारण हा वायू हवेहून जड असतो आणि गळलाच तर तो खोलीत न साठता बाहेर पडावा. आत शिजवताना छपरावरची हवेची भोके मोकळी ठेवावी लागतात, आणि 2019 पासून तर बोटींवर कार्बन मोनॉक्साईडची सूचना देणारे यंत्र बंधनकारकच झाले आहे. ते यंत्र मिरचीच्या फोडणीला दाद देत नाही. धुराचे यंत्र मात्र देते. सुक्या मिरच्यांची फोडणी सहा फुटी खोलीत तडतडली, की ठसका मागे सुकाणू धरून उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचतो, आणि शेजारी बांधलेल्या बोटीच्या खिडक्याही बंद होतात. घरूनच फोडणीची मिरची करून बाटलीत नेणे हा यावरचा शांततापूर्ण तोडगा.

पदार्थांत मग काय उरते? जवळजवळ सारेच. दूध घालून भिजवलेल्या दशम्या पहिले दोन दिवस तारतात. दडपे पोहे तर चूल न पेटवता होतात. कुळथाचे पिठले एका भांड्यात, थोड्या पाण्यात आणि थोड्या गॅसवर होते. मऊ भात, मेतकूट आणि तूप यांना वेल्समधल्या पावसात जी चव येते ती घरी येत नाही. प्रेशर कुकर मी आवर्जून नेते, कारण तो गॅस आणि वेळ दोन्ही वाचवतो, जरी त्याची पहिली शिट्टी ऐकून पलीकडच्या बोटीवरचे आजोबा घाईघाईने आपले इंजिन तपासायला गेले होते. आणि दही? इंजिन चालले की त्याच्या उष्णतेने गरम पाण्याची टाकी तापते आणि ती टाकी ज्या कपाटात असते तिथे रात्रभर उबारा राहतो. इंग्रज मंडळी तिथे ओले मोजे वाळत घालतात. आम्ही मोज्यांच्या वरच्या फळीवर विरजण लावतो. इतके घट्ट दही बर्मिंगहॅमच्या घरात हिवाळ्यात मला कधी जमलेले नाही.

स्वयंपाकाबाहेरच्या वस्तूंविषयी थोडक्यात. कपडे मऊ पिशवीत भरावेत, कारण रिकामी झालेली टणक सूटकेस ठेवायला बोटीवर जागा नसते. ओढण्या आणि पदर लॉकच्या यंत्रांपासून दूर ठेवावेत. मुलांना तरंगते जाकीट हवेच. लॉकच्या झडपा फिरवायचे लोखंडी हँडल दोन मागून घ्यावेत, एक पाण्यात पडतेच. मागच्या कपाटात दातेरी पावसुरी असावी. बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला दोरी किंवा प्लॅस्टिक गुंडाळले गेले, की इंजिन बंद करून, किल्ली काढून, मागचे झाकण उघडून थंड पाण्यात हात घालावा लागतो आणि तेव्हा दुसरे कुठलेही हत्यार कामाला येत नाही. छपरावर बोटीच्या वासा-फळीखेरीज उंच काही रचू नये. चर्कचा बोगदा आणि ठेंगणे दगडी पूल त्याचा निकाल लावतात.

पाँटकसिस्टेचा जलसेतू, जो टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांनी 1805 मध्ये पुरा केला, जमिनीपासून सुमारे 38 मीटर उंचीवर बोटीला लोखंडी पन्हळीतून पलीकडे नेतो; एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला पन्हळीची काही इंचांची कड आणि थेट दरी. तिथे पोहोचण्याआधी चहा करून ठेवावा, असा माझा सल्ला आहे, कारण पलीकडे जाईपर्यंत आत कोणी थांबत नाही आणि गॅसवर काही असेल तर ते उतू जाते. आईने त्या सेतूवर डिंकाचे लाडू वाटले. ते सुकाणूजवळच्या कप्प्यात होते, कारण खाली उतरून आणायला गेले तर दरी बघायची राहील, हे तिने आधीच ताडले होते.

बोट परत करायची ती सकाळी लवकर, कपाटे रिकामी करून. म्हणून आदल्या रात्री उरलेली भाजणी, अर्धा कोबी, दोन कांदे आणि तळाशी राहिलेले दही यांची थालीपिठे लागतात. मीठ आणि न उघडलेली साखर मागून येणाऱ्यांसाठी कपाटात ठेवली जाते. खलबत्ता मात्र न विसरता परत न्यावा लागतो, आणि तो गाडीपर्यंत उचलायचा कोणी, हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही.