मॉस्कोत रशियन शिकायला जाताय? बेल्यायेवोतल्या मुक्कामाचे अनुभव

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकत होते, तेव्हापासून मॉस्कोच्या पुश्किन इन्स्टिट्यूटला जायचं डोक्यात होतं. परदेशी विद्यार्थ्यांना रशियन शिकवण्यासाठी १९६६ साली उभी राहिलेली ही संस्था शहराच्या नैऋत्येला आहे, मेट्रोच्या नारिंगी मार्गावरच्या बेल्यायेवो स्टेशनजवळ. पर्यटकांचं मॉस्को इथून लांब आहे. आजूबाजूला उंच इमारती, शाळा, दवाखाने, किराणा दुकानं. भाषा शिकायला हाच भाग चांगला, कारण इथे तुमच्याशी इंग्रजीत बोलायला कोणी थांबत नाही.

आधी पैशांचं सांगते, कारण तिथे पोहोचल्यावर चूक सुधारता येत नाही. रशियाबाहेर काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं मार्च २०२२पासून तिथे चालत नाहीत. पहिले काही आठवडे निघतील इतके डॉलर रोख न्या, नोटा कोऱ्या असू द्या आणि बँकेतच बदला. नंतर तिथल्या बँकेत खातं उघडून 'मीर', म्हणजे रशियाचं स्वतःचं बँक कार्ड, घेता येतं. सिमकार्डही पहिल्या दिवशी हातात पडत नाही. १ जानेवारी २०२५पासून परदेशी माणसाला त्यासाठी बायोमेट्रिक नोंदणी करावी लागते आणि सामाजिक विम्याचा क्रमांक काढावा लागतो. त्यामुळे मॉस्कोचा नकाशा इथूनच फोनमध्ये उतरवून घ्या. ऑगस्ट २०२५मध्ये वॉट्सअ‍ॅपच्या कॉलवरही निर्बंध आले, तेव्हा घरच्यांशी बोलायचा दुसरा मार्ग निघण्याआधी तपासून पाहा.

विमानतळावर मिळालेलं मायग्रेशन कार्ड परत निघेपर्यंत पासपोर्टसारखं जपायचं. पोहोचल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत 'रेगिस्त्रात्सिया', म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी व्हावी लागते. ती यजमान संस्था करते, पण कागद तुम्ही वेळेत नेऊन द्यायचे, म्हणून पहिल्या-दुसऱ्या दिवशीच व्हिसा विभाग गाठा. नव्वद दिवसांहून जास्त राहणाऱ्यांना वैद्यकीय तपासणी आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. त्याच्या मुदतीही तिथेच विचारा. आणखी एक: दुसऱ्या शहरात हॉटेलात राहिलात तर हॉटेल तुमची नोंदणी करतं. परत आल्यावर वसतिगृहात ते लगेच सांगायचं.

माझी रशियन खरी सुधारली ती वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात. वर्गात आपण विभक्त्या घोटतो. ओट्यापाशी मात्र शेजारच्या शेगडीवर चिनी मुलगी असते, पलीकडे मंगोलियाचा मुलगा. तिला इंग्रजी येत नाही, तुम्हाला चिनी येत नाही, राहिली ती रशियन. मी मिरचीची फोडणी दिली की सगळे खोकत यायचे आणि हे काय म्हणून विचारायचे. मोहरी तडतडेपर्यंत थांबायचं आणि मग हिंग, एवढं समजावताना क्रियापदांची पूर्ण-अपूर्ण रूपं जितकी पक्की झाली, तितकी वहीतल्या स्वाध्यायांनी झाली नाहीत. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: खोली देताना विचारलं, तर भारतीय जोडीदार मागू नका. घरची आठवण येते तेव्हा हे जड जातं, तरी मागू नका.

बाजारातही तेच. काकड्या दोन, तीन, चार घेतल्या तर नामाचं रूप एक आणि पाच घेतल्या की दुसरं. भाजीवाल्या बाई चुकलेलं रूप हसत दुरुस्त करतात आणि वर मूठभर शेपू टाकतात.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. मसूर, छोले, कोबी, बटाटा, बीट कुठेही मिळतं. तूरडाळ आणि गोडा मसाला घरून न्या. 'ग्रेच्का', म्हणजे कुट्टूचा दाणा, भातासारखा शिजवून दह्याबरोबर छान लागतो. 'त्वोरोग' हा पनीरसारखा प्रकार नाश्त्याला उत्तम. ईस्टरआधीच्या उपासकाळात बऱ्याच उपाहारगृहांत 'पोस्नोये' पदार्थांची वेगळी यादी असते. त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं, पण मासे चालतात का हे विचारून घ्यायचं.

थंडीची भीती बाळगू नका, तयारी ठेवा. इमारतींत हीटिंग इतकं असतं की आत टी-शर्टवर बसता येतं, तेव्हा एका जाड स्वेटरऐवजी काढता-घालता येतील असे थर हवेत. बूट तिथेच घ्या, तळव्याला पकड असलेले. कोट घेताना कॉलरच्या आत अडकवायची पट्टी आहे ना ते बघा. कोट घालून वर्गात जात नाहीत, तो खाली 'गार्देरोब'मध्ये द्यायचा असतो, आणि पट्टी तुटलेली असली की तिथल्या आजी बोलल्याशिवाय राहत नाहीत. त्या सुई-दोरा घेऊन लगेच शिवायलाही बसवतात. बर्फ वितळायला लागलं की इमारतींच्या कडेने चालू नका, वरून बर्फाचे सुळे पडतात. डिसेंबरात सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि चारला मावळतो. त्या दिवसांत दुपारी अर्धा तास तरी बाहेर पडाच, नाहीतर मन खचतं.

शिक्षिकांना नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारतात. पहिल्याच तासाला ते लिहून घ्या. फुलं देताना विषम संख्येत द्यायची. सम संख्या अंत्यविधीची.

दोन ठिकाणी मराठी माणसाने जायलाच हवं. परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात, मार्गारीता रुदोमिनो यांचं नाव असलेल्या, सप्टेंबर २०२२मध्ये अण्णा भाऊ साठे यांचा पुतळा बसवला गेला. १९६१ साली ते रशियात आले होते. दुसरं त्वेर, लेनिनग्राद्स्की स्टेशनवरून रेल्वेने दीड-दोन तासांवर. पंधराव्या शतकात चौल आणि जुन्नरला पोहोचलेला रशियन व्यापारी अफानासी निकितीन इथला. व्होल्गाकाठी त्याचा पुतळा आहे. सकाळी निघून रात्री परत येता येतं, त्यामुळे नोंदणीचाही प्रश्न येत नाही.

उन्हाळ्यापर्यंत राहणार असाल तर एक तयारी ठेवा. पाइपांच्या दुरुस्तीसाठी साधारण दहा दिवस गरम पाणी बंद असतं, आणि ते पाणी जूनमध्येही बोचतं. तारखा आधी जाहीर होतात. बादली तिथे मिळते, तांब्या घरून न्या.