काळ्या फळांचं हॉथॉर्न

बुडापेस्टमध्ये हॉथॉर्नचं कुणाला कौतुक नाही. रेल्वेच्या रुळांकडेला, शेताच्या बांधावर, पडीक प्लॉटवर, कुठेही माजलेलं असतं. पांढरी फुलं, लाल फळं, अंगभर काटे. त्याच्या पानाफुलांचा काढा हृदयाला चांगला म्हणून माझी घरमालकीण नेमाने पिते. पण याच झाडाचा काळ्या फळांचा एक भाऊबंद तिच्याच देशात आहे आणि तो संपत चालला आहे, हे तिला माझ्याकडून कळलं! मला ते कळलं ऑफिसातल्या एका मैत्रिणीमुळे. तिचं माहेर दक्षिणेला बायॉ गावात, डॅन्यूबच्या काठी. वडील वनखात्यातून निवृत्त झालेले.

हे झाड म्हणजे क्रेटेगस नायग्रा. हंगेरियनमध्ये फेकेते गालागोन्या. मध्य डॅन्यूब आणि तिला मिळणाऱ्या नद्यांचं खोरं सोडलं तर जगात ते आपणहून फारसं कुठे उगवत नाही. हंगेरी, क्रोएशियाचा बारान्या, सर्बियातलं व्होयव्होदिना, मुख्यतः इथेच त्याचा संसार. वाल्डश्टाइन आणि किताइबेल या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जोडीने दोनशे वर्षांपूर्वी हंगेरीतल्या दुर्मिळ वनस्पतींच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. (किताइबेल म्हणजे टेल्युरियम हे मूलद्रव्य स्वतंत्रपणे ओळखणारा तोच गृहस्थ. त्या काळच्या लोकांना एक विषय पुरतच नसे.) आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत ते संकटग्रस्त आहे. हंगेरीत कायद्याने संरक्षित, फांदीसुद्धा तोडायची नाही.

मैत्रिणीच्या वडिलांनी आम्हाला गेमेंत्सच्या जंगलात नेलं. जंगल डॅन्यूबच्या पूरपट्ट्यातलं, जवळपास 18,000 हेक्टरचं, लाल हरणांसाठी प्रसिद्ध. प्योर्बोयहून छोटी झुकझुक गाडी आत जाते. सप्टेंबर होता. काका (मी त्यांना काकाच म्हणते, त्यांना ते आवडतं) एका उंचवट्यावर थांबले आणि काठीने एक झुडूप दाखवलं. माझ्या डोळ्यांना ते अगदी नेहमीचं हॉथॉर्न. मग त्यांनी एकेक दाखवायला सुरुवात केली. साध्या हॉथॉर्नचं पान चकचकीत आणि खोल कापलेलं असतं. याचं पान मंद हिरवं, लवदार, कडेला उथळ दातेरी खाचा. कोवळ्या फांदीवरून बोट फिरवलं तर करडी मऊ लव हाताला लागते. एप्रिल-मेमध्ये फुलं पांढरी उमलतात आणि जुनी होताना गुलाबी पडतात. खाली पडलेलं एक फळ काकांनी उचलून चिरडलं. वरून काळं, तुकतुकीत, आतला गर हिरवट आणि त्यात पाच बिया. साध्या हॉथॉर्नमध्ये एकच असते.

फोटो सांगलीला पाठवला. आईचा लगेच मेसेज: "अगं, ही तर करवंदं! सप्टेंबरात कुठली?"

मी सांगलीची, त्यामुळे पूररेषा म्हणजे काय हे मला समजावून सांगावं लागत नाही. या झाडाला नदीला अगदी खेटून असलेली, सारखी पाण्याखाली जाणारी जमीन नको. त्याहून जरा उंच, जिथे मोठा पूर आला तरच पाणी चढतं अशी जागा हवी, ओक, अ‍ॅश आणि एल्मच्या सोबतीने. आणि नेमकी तीच जागा माणसालाही हवी होती. एकोणिसाव्या शतकात डॅन्यूबची वळणं कापून तिला सरळ केलं, बांध घातले. बांधाबाहेरच्या जमिनीवर शेतं आली. बांधाच्या आत जे उरलं, त्यातल्या बऱ्याच भागात संकरित पॉप्लरच्या लागवडी झाल्या. गाडीतून त्या रांगा दिसतात, पट्टी धरून आखल्यासारख्या. अशा लागवडीत काटेरी झुडूप म्हणजे नुसती अडचण, कापून मोकळे. जिथे कुणी कापलं नाही तिथे अमेरिकेहून आलेलं अमोर्फा नावाचं झुडूप आणि अमेरिकन अ‍ॅश यांनी रान व्यापलंय. काका या अमोर्फावर इतके चिडले की त्यांचं हंगेरियन मैत्रिणीने मला भाषांतर करून सांगितलंच नाही.

पण मला सगळ्यात चटका लावून गेली ती त्याच्या सोयरिकीची गोष्ट. काळी झाडं विरळ झाली की शेजारी स्वतःच्या जातीचं झाड सापडत नाही. साधं हॉथॉर्न मात्र सगळीकडे. मधमाशी परागकण आणते ते त्याचेच. मग जी रोपं येतात त्यातली काही संकरित निघतात, आणि त्या संकराला वनस्पतिशास्त्रात डेगेनी असं वेगळं नावही आहे. म्हणजे कुऱ्हाड न लावताही शुद्ध काळं हॉथॉर्न विरघळत जाऊ शकतं, आणि लांबून बघणाऱ्याला जंगलात काही कमी झाल्याचं दिसणारही नाही. नुसता कायदा करून यावर काय होणार? कायदा फांदी तोडणाऱ्याला पकडेल, मधमाशीला नाही. माझ्या मते बी काळजीपूर्वक तपासून रोपं तयार करावीत आणि त्यांची दाट लावणी करावी, एकेकटं झाड लावण्यात अर्थ नाही. काकांचंही तेच म्हणणं. फक्त ते पुढे म्हणाले, आधी पॉप्लरच्या चार रांगा काढा, मग जागेचं बोला.

बुडापेस्टच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणाला बघायचं असेल तर एप्रिलच्या शेवटी चला, फुलं असतील. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. डास भयंकर आहेत. आणि परतताना बायॉत शेवया घातलेलं माशाचं लालभडक सूप खाल्ल्याशिवाय काकू सोडत नाहीत, तेव्हा शाकाहाऱ्यांनी आधी कळवा.