केस चालू असताना मधल्याच ऑर्डरवर अपील केलं, माझा अनुभव

इंग्लंडमध्ये रिडन्डन्सीत, म्हणजे नोकरकपातीत, माझी नोकरी गेली, एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये (नोकरीच्या वादांचं कोर्ट) केस टाकली, वकील परवडत नव्हता म्हणून सगळं मीच करत होतो. मागणी साधी होती, कोणाला काढायचं हे ठरवताना माझ्यासोबत ज्या चौघांना मार्क दिले त्यांचे स्कोअरशीट दाखवा. व्हिडिओवरच्या प्रिलिमिनरी हिअरिंगला (मुख्य सुनावणीआधीची छोटी सुनावणी) जज म्हणाले आत्ता त्याची गरज दिसत नाही, अर्ज नामंजूर. वीस मिनिटांत विषय संपला.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं लगेच अपील ठोकतो, फी पण लागत नाही. पण फ्री सल्ला देणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, कायद्याची चूक कुठंय? मी पंधरा मिनिटं अन्याय कसा झाला ते सांगत होतो, त्या शांतपणे म्हणाल्या हे सगळं खरं असेल हो, पण केस कशी चालवायची हे ठरवायची जजला भरपूर मोकळीक असते, अपील ट्रायब्युनल फक्त कायद्याची चूक बघतं, "मी असतो तर वेगळा निर्णय दिला असता" एवढ्याने काही होत नाही.

आणि मुदत! ऑर्डर पाठवल्याच्या तारखेपासून 42 दिवस. मी लेखी कारणं मागितली होती, म्हटलं ती आली की मोजायला सुरुवात करू. चूक! अंतिम निकालाला तसं चालतं, मधल्या ऑर्डरला नाही, कारणं उशिरा आली तरी घड्याळ ऑर्डरपासूनच चालू असतं. ऑर्डर बदलून मागायचा अर्ज ट्रायब्युनलकडेच टाकला तरी ते थांबत नाही. त्यात दुपारी 4 नंतर पोचलेला कागद दुसऱ्या दिवसाचा धरतात. तरी मी अपील केलंच, 41व्या दिवशी 3:20 ला पाठवलं, हात थरथरत होते.

काही आठवड्यांनी पत्र आलं, अपील ट्रायब्युनलच्या जजनी नुसते कागद वाचून ठरवलेलं, अपिलात दम नाही. तोंडी सुनावणी मागता आली असती, मी सोडून दिलं, कारण अपील केलं म्हणून मूळ केस काही थांबत नाही, इकडे साक्षीपत्रकांची (साक्षीदारांचे लेखी जबाब) तारीख डोक्यावर आलेली आणि माझं अर्धंही लिहून झालं नव्हतं.

गंमत पुढेच झाली. साक्षीपत्रकं अदलाबदल झाली, त्यात मॅनेजरने स्वतःच लिहिलेलं की इतरांचे मार्क याच्यापेक्षा जास्त होते. म्हणजे आता मुद्दा त्यांनीच काढला ना! परिस्थिती बदलली म्हणून ऑर्डर बदला असा एका पानाचा अर्ज केला, त्यात अन्याय हा शब्द एकदाही नाही, नुसता त्यांचा परिच्छेद 14 उचलून ठेवला. नऊ दिवसांत मंजूर. नावं काळी केलेले चार स्कोअरशीट ईमेलने आले, आणि दोन शीटवर मार्क खोडून वर नवीन लिहिलेले होते.