तुम्ही विचारलंत म्हणून: रक्ताची भीती नाही वाटत?

"दिवसभर त्या लोकांचं रक्त हाताळता, भीती नाही वाटत?" हा प्रश्न मला कुठंही गाठतो. त्या लोकांचं म्हणजे एचआयव्ही असलेल्यांचं. परवा तासगावला एका वास्तुशांतीत गाठला. मी वाढायला उभी होते आणि पंगतीतल्या एका काकूंनी विचारलं, नेमकं मी त्यांच्या पानात जिलबी टाकत असताना. विचारून त्यांनी जिलबी हळूच पानाच्या कडेला सारली. नंतर खाल्ली का, ते मी मुद्दाम बघितलं. नाही खाल्ली.

सांगली जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत मी २१ वर्षं लॅब टेक्निशियन आहे. हातात जिलबीची परात घेऊन या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं देते.

भीती वाटते, पण रक्ताची नाही, सुईची. नळीतलं रक्त टोपण लावून स्टँडमध्ये उभं असतं, ते उडी मारत नाही. सुईचं तसं नाही.

२००९ साली मी तालुक्याच्या एका रुग्णालयात होते. सुई जाळायचं मशीन पंधरा दिवस बंद होतं. ओपीडी संपत आलेली, मला एसटी गाठायची घाई. रक्त काढलं आणि सुईला टोपण परत घालायला गेले. हे करायचं नसतं, अगदी पहिल्या दिवशी शिकवतात, मी स्वतः नव्या मुलींवर त्यासाठी ओरडायचे. टोपण निसटलं आणि सुई ग्लोव्हमधून डाव्या तर्जनीत गेली. मोहरीएवढा रक्ताचा ठिपका आला. समोरच्या माणसाचा रिपोर्ट आधीच पॉझिटिव्ह होता. माझ्याआधी तोच घाबरला. "बाई, माझ्यामुळं काय झालं का तुम्हाला?"

अशा वेळी बोट तोंडात घालायचं नाही, दाबून रक्त काढायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि तडक डॉक्टरांकडं जायचं. तासाभरात माझी पहिली गोळी पोटात होती. संसर्ग रोखायच्या या गोळ्या जितक्या लवकर तितक्या बऱ्या, ७२ तासांच्या आत सुरू कराव्याच लागतात आणि पुढं २८ दिवस घ्यायच्या. सुई टोचणाऱ्यांनाच नाही, बलात्कार झालेल्या बाईलाही त्या मिळायला हव्यात. हे ठाऊक नसल्यामुळं पहिले तीन दिवस निघून जातात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

माझा धोका किती होता? पॉझिटिव्ह रक्ताच्या सुया हजार जणांना टोचल्या आणि कुणीच औषध घेतलं नाही, तरी साधारण तिघांना लागण होते. हिपॅटायटिस बी याच्यापेक्षा कितीतरी चिवट. लस न घेतलेल्यांत शंभरातल्या तिसापर्यंत लोकांना तो सुईतून होऊ शकतो. माझी लस झालेली होती. हे सगळं मला पाठ होतं, तरी एसटीत खिडकीशी बसून रडले.

रिपोर्ट पक्का होईपर्यंत, म्हणजे निदान तीन महिने, घरी निरोध वापरायला सांगितलं होतं. मी रोज टेबलावरून लोकांना मूठमूठ पाकिटं द्यायचे. "लाजायचं काय त्यात?" असं वर ऐकवायचे. त्यातलं एक पर्समध्ये घालून घरी नेताना मात्र चोरी केल्यासारखं वाटलं. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं." दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चहाचा कप वेगळा मांडलेला होता. त्यानं मांडला की सासूबाईंनी, हे मी आजवर विचारलेलं नाही. कपानं काही होत नाही. ज्याच्याशिवाय होऊ शकलं असतं त्या पाकिटाची आठवण मात्र दर वेळी मलाच करून द्यावी लागली.

सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. कप कधी परत एकत्र झाला, लक्षात नाही.

तेव्हापासून लोकांचे प्रश्न मी वेगळ्या कानानं ऐकते. डास चावला तर? न्हाव्याचं पातं? हॉटेलातला ग्लास? सगळे प्रश्न परक्यांच्या वस्तूंचे. डासाचं सांगते: तो चावताना आपल्यात स्वतःची लाळ सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त नाही, आणि हा विषाणू डासाच्या पोटात वाढतच नाही. न्हाव्याला नवीन पातं लावायला सांगाच, ते हिपॅटायटिससाठीही चांगलं. पण माझ्यासमोर येतात त्यांतल्या बहुतेकांना लागण निरोधाशिवाय आलेल्या शरीरसंबंधातून झालेली असते. बाकी वाटा म्हणजे नशेसाठी एकमेकांची सुई वापरणं, न तपासलेलं रक्त चढवणं आणि आईकडून बाळाला. शिंक, घाम, मिठी, एक ताट, एक संडास यातून नाही.

दुसरी सवय म्हणजे बोट दाखवायची. परगावी जाऊन सोनं-चांदी गाळणारे विट्याकडचे गलाईवाले, ट्रक ड्रायव्हर, ऊसतोड. मीही दाखवायचे. पण विषाणू धंदा विचारत नाही. आणि सांगलीत निरोधाचा हट्ट आधी कुणी धरला? गोकुळनगर या वेश्यावस्तीतल्या बायकांनी. १९९२ पासून 'संग्राम' या संस्थेबरोबर त्यांनी आपापल्या वस्तीत पाकिटं वाटली, पुढं 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. निरोध नसेल तर गिऱ्हाईक परत, एवढं त्यांच्यातली बाई बोलू शकते. माझ्यासमोर मंगळसूत्र दोन्ही मुठीत धरून बसलेली बाई नवऱ्याला हे म्हणू शकत नाही. पगारी सरकारी बाई असून मलाही जड गेलं होतं.

गरोदर बायकांची तपासणी होतेच, आणि माझ्या कामातला सर्वात आनंदाचा भाग तोच. उपचार नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होऊ शकते. आईनं गोळ्या नेमानं घेतल्या आणि बाळाला औषध दिलं तर हा आकडा पाचाच्याही खाली येतो. दीड वर्षाच्या पोराचा शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की आमच्या खोलीत पेढे येतात. बिनदिक्कत खाते.

२००४ पासून एआरटीची, म्हणजे हा विषाणू दाबून ठेवणारी, औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात आणि २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच सुरू होतात. आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी. ती न चुकवता घेतली की काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. तो तसाच राहिला तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मी सांगते तेव्हा शिकलेली माणसंसुद्धा माझ्याकडं संशयानं बघतात. म्हणजे ज्याच्या रक्ताला काकू भितात तो गोळी घेणारा माणूस, ज्यानं कधी तपासलंच नाही त्याच्यापेक्षा निर्धोक.

तपासायला यायचं तर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या सल्ला आणि तपासणी केंद्रात, या. फुकट आहे, आधी काउन्सेलर बोलतात, तुमची संमती घेतात आणि रिपोर्ट तुमच्याच हातात देतात. गुप्तता २०१७ च्या कायद्यानं बांधलेली आहे. फोनवर विचारायचं असेल तर १०९७. धोका कालचाच असेल तर आजच्या निगेटिव्हवर विसंबू नका, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आणि ७२ तास झाले नसतील तर तपासणीची वाट न बघता आधी गोळ्यांचं विचारा.

त्या काकू हात धुवायला उठल्या तेव्हा नळाशी माझ्याजवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "उपाशीपोटी यावं लागतं का गं?"

नाही काकू. चहा पिऊन या.