तुम्ही विचारलंत म्हणून: लस दिली तरी पक्षी का मरतात?

लस दिली तरी पक्षी मरतात, मग तुमच्या संशोधनाचा उपयोग काय? पोल्ट्रीवाले विचारतात, विद्यार्थी विचारतात, घरची माणसंही विचारतात. इतकी वर्षं मी ठरलेली उत्तरं देत आले: लस थंड राहिली नसेल, डोस कमी पडला असेल, पाण्यात क्लोरीन असेल. ही उत्तरं खोटी नाहीत. क्लोरीननं जिवंत लशीतला विषाणू खरोखर मरतो, म्हणूनच तर लस कालवण्याआधी पाण्यात दूध पावडर घालायला सांगतो. पण या प्रत्येक उत्तरात दोष पोल्ट्रीवाल्याच्या माथी जातो, आणि दर वेळी तो त्याचा नसतो. म्हणून आज नीट लिहिते.

माझं काम गंबोरोवर, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांना होणाऱ्या एका विषाणूजन्य रोगावर. पिसं फुलवून, मान खाली घालून बसलेली पिल्लं आणि पांढरट पातळ विष्ठा तुम्ही पाहिलेली आहे, त्याचं वर्णन करत नाही. बर्साबद्दल, म्हणजे पक्ष्यांच्या शेपटीखाली असलेल्या, प्रतिकारशक्ती घडवणाऱ्या छोट्या पिशवीबद्दल मात्र सांगायला हवं. 1956 मध्ये ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लहानपणीच बर्सा काढून टाकलेल्या कोंबड्यांत रोगाशी लढणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) नीट तयार होत नाहीत. गंबोरोचा विषाणू नेमका त्याच अवयवातल्या पेशी मारतो. त्यामुळे जी पिल्लं यातून वाचतात त्यांना पुढे राणीखेत या दुसऱ्या रोगाची लासोटा लस वेळेवर देऊनही टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी, येत नाही. मग पक्षी राणीखेतनं मरतात आणि शिव्या लासोटाला बसतात.

आता एका शेडबद्दल. हा प्रसंग मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेला नाही.

ते शेड आमच्या अभ्यासात होतं. पहिल्याच आठवड्यात आम्ही पिल्लांचं रक्त घेतलं होतं. मालकानं वेळापत्रकाप्रमाणे चौदाव्या दिवशी गंबोरोची लस पाण्यातून दिली. आधी पिल्लं तहानलेली ठेवली, निळा रंग घातला आणि नंतर चोची उघडून जिभा निळ्या झाल्यात का तेही पाहिलं. इतकं काटेकोर लसीकरण मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय. चौथ्या आठवड्यात फोन आला. मी पोहोचले तेव्हा दाराशी मेलेल्या पक्ष्यांचा ढीग होता आणि आत वाढत होता. मी कापायला बसले. मांडीच्या स्नायूंत रक्ताचे ठिपके, बर्सा सुजून दुप्पट, वर पिवळसर चिकट थर, दोन-चार पक्ष्यांत तर आतून जांभळा. शंकेला जागाच नव्हती.

मालकानं नोंदवही आणून ठेवली. लशीच्या रिकाम्या बाटल्याही जपून ठेवल्या होत्या. म्हणाला, "मॅडम, सगळे म्हणतायत मीच काहीतरी चुकवलं. तुम्ही सांगा, काय चुकवलं?" हॅचरीवाला लशीकडे बोट दाखवत होता, लसवाला पाण्याकडे, आणि सगळ्यांचं मिळून त्याच्याकडे.

उत्तर आमच्या फ्रीझरमध्ये होतं. पहिल्या आठवड्यातलं रक्त तपासलं, तर टायटरचे दोन वेगळे गट पडले. हॅचरीनं दोन ब्रीडर कळपांची, म्हणजे पिल्लांसाठी अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या दोन कळपांची, पिल्लं एकाच बॅचमध्ये मिसळली होती. एका कळपातल्या कोंबड्यांनी पिल्लांना भरपूर प्रतिपिंडं दिली होती, दुसऱ्यातल्यांनी जेमतेम. आईकडून आलेली ही प्रतिपिंडं दर तीन-चार दिवसांनी साधारण निम्मी होतात. चौदाव्या दिवशी कमी प्रतिपिंडांच्या पिल्लांत लस लागली. जास्त प्रतिपिंडांच्या पिल्लांत त्या प्रतिपिंडांनी लशीचाच विषाणू मारून टाकला. पुढे तीही संपली, पिल्लं उघडी पडली, आणि शेडमधला विषाणू वाटच पाहत होता. रिकाम्या केलेल्या शेडमध्येही तो 122 दिवसांनंतर जिवंत सापडल्याची नोंद आहे. म्हणजे आईकडून ज्यांना सगळ्यात जास्त मिळालं होतं, तीच पिल्लं जास्त मेली.

हे मी मालकाला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "रक्त तुमच्याकडे पहिल्या आठवड्यापासून होतं ना? मग चौदाव्या दिवसाच्या आधी का नाही सांगितलंत?"

कारण अभ्यासातले सगळे नमुने शेवटी एकत्र तपासायचे असतात. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या किटवर तपासले तर आकड्यांची तुलना डळमळीत होते. हा नियम बरोबर आहे आणि आजही मी त्याच्या बाजूनं भांडेन. टायटरवरून लशीचा दिवस काढायचं सूत्र आहे, डेव्हेंटर सूत्र म्हणतात त्याला, पण दोन गटांच्या बॅचला त्यातूनही एक दिवस मिळत नाही. दोनदा लस द्यावी लागली असती. तेव्हा आधी तपासलं असतं तरी सगळे पक्षी वाचले असते असं मी म्हणणार नाही. काही वाचले असते. हे मी त्याला तेव्हाही सांगितलं, आणि त्यानंतर तो आमच्या अभ्यासात राहिला नाही.

सुरुवातीच्या काळात मी ठामपणे म्हणायचे की खरं काम विषाणूचा नवा स्ट्रेन, म्हणजे बदललेला प्रकार, शोधण्याचं आहे, लस कधी द्यायची हा किरकोळ हिशेब. तेव्हाच्या त्या मुलीशी, म्हणजे माझ्याशीच, माझं अजून भांडण चालू आहे. तिची बाजूही पोकळ नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस युरोपात अतितीव्र गंबोरो आला, तेव्हा प्रतिपिंडांच्या ज्या पातळीवर पिल्लं आधी वाचत होती तिला त्यानं जुमानलं नाही. विषाणू बदलतो हे खरंच आहे. पण त्या शेडमध्ये नव्या स्ट्रेनची गरजच नव्हती.

मग जास्त तिखट लस द्या, असं लगेच सुचवलं जातं. इंटरमीडिएट प्लस लस आईची प्रतिपिंडं भेदून लवकर लागते, पण ती स्वतःच बर्साला इजा करते. हॅचरीतच देण्याच्या एचव्हीटी वाहक लशींना (यात टर्कीच्या निरुपद्रवी विषाणूत गंबोरोच्या विषाणूचा एक अंश घातलेला असतो) या प्रतिपिंडांचा अडथळा फारसा होत नाही. त्या मला आवडतात, पण बाहेरून आलेल्या विषाणूचा बर्सातला शिरकाव त्या पूर्णपणे थांबवत नाहीत.

आणि हो, मॅरेक्सवरचा (कोंबड्यांना गाठी आणणारा विषाणूजन्य रोग) 2015 चा तो प्रयोग मला पाठवणं आता थांबवा. मी वाचलाय. लस दिलेले पक्षी जगले आणि जहाल विषाणू बराच काळ पसरवत राहिले, बिनलशीचे लवकर मेले म्हणून त्यांच्याकडून प्रसार कमी झाला, हे त्यात दिसलं. त्यावरून लस बंद करा असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी बिनलशीचं एक शेड स्वतः सांभाळून पाहावं. ती लस गाठी आणि मरतूक थांबवते, संसर्ग थांबवत नाही. प्रश्न खरा आहे आणि त्यानं माझी झोपही उडते, पण त्याचं उत्तर पक्षी मरू देणं हे नाही.

आता प्रत्येक नव्या अभ्यासाच्या आराखड्यात मी एक अट घालू पाहते: पहिल्या आठवड्यातलं रक्त लगेच तपासायचं आणि निकाल मालकाला द्यायचा. सहकारी विरोध करतात. आकडे हातात आल्यावर मालक लशीचा दिवस बदलणार, मग आपण मोजतोय ते काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं बरोबर आहे. मागच्या आराखड्यातून अट वगळली गेली, पुढच्यात मी ती पुन्हा लिहिली आहे.