ब्रोमोक्लोरोमिथेन: दोन भावंडांमधला द्रव

मिथेनच्या चार हायड्रोजनांपैकी एकाची जागा क्लोरीनने आणि दुसऱ्याची ब्रोमीनने घेतली की ब्रोमोक्लोरोमिथेन तयार होते. हा रंगहीन, गोडसर वासाचा द्रव ६८ अंश सेल्सिअसला उकळतो. याची दोन भावंडे, म्हणजे दोन क्लोरीन असलेले डायक्लोरोमिथेन ४० अंशांना आणि दोन ब्रोमीन असलेले डायब्रोमोमिथेन ९७ अंशांना उकळते, हे लक्षात घेतले की तो आकडा जवळजवळ नेमका मधला असल्याचे दिसते. घनतेचेही (ग्रॅम प्रति मिलिलिटर) तसेच आहे: एकाची १.३३, दुसऱ्याची सुमारे २.५ आणि याची साधारण १.९३.

पाठ्यपुस्तकातले मिथेनचे थेट हॅलोजनीकरण (हायड्रोजनच्या जागी क्लोरीन-ब्रोमीन बसवणे) येथे फारसे उपयोगी नाही, कारण ती साखळी अभिक्रिया हव्या त्या टप्प्यावर थांबत नाही. त्याऐवजी स्वस्त डायक्लोरोमिथेनमधील क्लोरीन बदलून घेतात. त्यात ब्रोमीन आणि ॲल्युमिनियम घातले की जागेवरच ॲल्युमिनियम ब्रोमाइड तयार होते आणि ते आपला ब्रोमीन देऊन क्लोरीन घेते. ॲल्युमिनियम क्लोराइड उत्प्रेरक म्हणून वापरून हायड्रोजन ब्रोमाइडनेही हेच साधते. मात्र ही देवाणघेवाण एकाच क्लोरीनवर थांबत नाही, त्यामुळे हाती तिन्ही संयुगांचे मिश्रण येते. ॲल्युमिनियमचे क्षार पाण्याने धुऊन काढल्यावर भागशः ऊर्ध्वपातन करतात, म्हणजे उत्कलनबिंदूंतील फरकाने घटक वेगळे करतात, आणि उत्कलनबिंदूंत दोन्ही बाजूंना २८-२९ अंशांचे अंतर असल्यामुळे ते सुकर होते. उरलेले डायब्रोमोमिथेन डायक्लोरोमिथेनसोबत पुन्हा अभिक्रियेत घालता येते, आणि माझ्या मते या पद्धतीची खरी काटकसर तीच आहे.

या रेणूची उपयुक्तता कार्बन-ब्रोमीन बंधात आहे, कारण तो कार्बन-क्लोरीन बंधापेक्षा कमकुवत असतो. ज्वालेत तो आधी तुटतो, आणि सुटलेला ब्रोमीन ज्वलनाची साखळी चालवणारे हायड्रोजन मूलक (अतिक्रियाशील सुटे अणू) टिपतो. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने हा द्रव विमानांतील अग्निशामकांत वापरला. पुढे त्याला हॅलॉन १०११ हे नाव मिळाले. त्यातले अंक अनुक्रमे कार्बन, फ्लोरीन, क्लोरीन आणि ब्रोमीन यांची संख्या सांगतात. मात्र तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड आणि हायड्रोजन ब्रोमाइड हे क्षोभक वायू निघतात, त्यामुळे बंद जागेत तो धोक्याचाच. जस्ताच्या साहाय्याने अल्कीनपासून (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या संयुगांपासून) सायक्लोप्रोपेन म्हणजे तीन कार्बनांचे वलय घडवण्यासाठीही त्याचा उपयोग होतो.

हाच सुटणारा ब्रोमीन ओझोनला मारक ठरतो. ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या १९८७ च्या मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारात हे संयुग नव्हते. १९९९ च्या बीजिंग दुरुस्तीने ते यादीत आले आणि २००२ पासून त्याच्या उत्पादनावर व वापरावर बंदी लागू झाली. इतर रसायने बनवताना कच्चा माल म्हणून पूर्णपणे खर्ची पडणारे प्रमाण मात्र त्या हिशेबात धरले जात नाही.