पौषातले विज्ञानकथा संमेलन

रविवार, १९ जुलै

आज खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथालेखक जयंत नारळीकरांचा जन्मदिवस. १९३८ साली ते कोल्हापुरात जन्मले, म्हणून विज्ञानकथांच्या चाहत्यांचे निवासी संमेलन कोल्हापुरात आणि तेही १९ जुलैलाच भरवावे, असा आमच्या वाचक मंडळातल्या पुष्कळांचा आग्रह होता. ती तारीख मलाही मनापासून हवी होती. परंतु जुलैत बाहेरगावच्या माणसाला इकडे बोलावायचे म्हणजे सगळा कार्यक्रम पंचगंगेच्या हवाली करायचा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन पुण्याकडची वाहतूक बंद पडली होती, आणि २०२१ च्या त्याच पावसात पन्हाळ्याचा रस्ताही खचला होता. लोक मुंबईहून, नागपूरहून, बेळगावहून येणार. काही जण म्हाताऱ्या आईवडिलांना शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून येणार. त्यांना अर्ध्या वाटेवर अडकवून ठेवणारी तारीख कितीही मोलाची असली तरी ती घेता येत नाही, असे मी आजच्या बैठकीत सांगितले आणि ते सर्वांना पटले.

त्यानंतर शुक्रवार २९ ते रविवार ३१ जानेवारी २०२७ या तारखा पुढे आल्या. हे दिवस पौष वद्यात येतात, आणि पौषात आपल्याकडे बहुतेक घरांत लग्न काढत नाहीत. ज्या रिसॉर्टमध्ये मार्गशीर्षात आणि माघात वऱ्हाडी मंडळींमुळे गाडी लावायला जागा मिळत नाही, तिथे पौषात हॉल, लॉन आणि खोल्या तिन्ही मोकळे असतात आणि दरही बरेच खाली येतात. शिवाय चंद्र तेव्हा अर्धा उरलेला असेल आणि मध्यरात्रीच्या सुमारास उगवेल, म्हणजे संध्याकाळपासून तोवरचा सगळा अंधार आमच्या हाती. मृग आणि रोहिणी डोक्यावर, दक्षिणेला क्षितिजापासून वीसेक अंशांवर अगस्त्याचा तारा, आणि रात्री दहापर्यंत पूर्वेला गुरू व मंगळ हे दोघेही चांगले वर आलेले असतील, कारण दोघांचीही प्रतियुती, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येणे, पुढे फेब्रुवारीतच आहे. जे मंगळावरच्या वसाहतींविषयी वाचत मोठे झाले त्यांना तो तांबडा ठिपका एकत्र उभे राहून पाहता यावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आणखी एक कारण सुचले तेव्हा तर मी हरखूनच गेले. ३१ जानेवारीला अंबाबाईचा किरणोत्सव सुरू होतो. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, गाभाऱ्यात शिरतात आणि आकाश व हवा स्वच्छ असेल तर देवीच्या चरणांपर्यंत पोहोचतात. परंपरेने हा सोहळा वर्षातून दोनदा होतो: ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी आणि ९, १० व ११ नोव्हेंबर. या दोन्ही वेळा डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवसापासून पुढे-मागे सारख्याच अंतरावर, सुमारे ४१ दिवसांवर, येतात; त्यामुळे दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे १७ अंशांवर असतो आणि क्षितिजाच्या जवळजवळ त्याच बिंदूवर मावळतो. ज्यांनी ही वास्तू उभारली त्यांनी तो बिंदू पाहून ठेवला होता. मधल्या काळात वाटेत इमारती उभ्या राहिल्या, धूळ आणि बाष्प वाढले, त्यामुळे किरणे कुठवर पोहोचतात याची मोजणी इथले प्राध्यापक दरवर्षी करतात. पाहुण्यांना शनिवारी हे गणित समजावून सांगायचे आणि ज्यांची इच्छा असेल त्यांना रविवारी संध्याकाळी देवळात न्यायचे, असे ठरले आहे. काळ आणि प्रकाश यांच्याविषयी कथा लिहिणाऱ्या लोकांना कोल्हापूरने दाखवावे असे याहून मोठे काय असणार?

मंगळवार, २१ जुलै

आज भर पावसात पन्हाळ्याच्या पायथ्याजवळचे रिसॉर्ट पाहून आलो. व्यवस्थापक तरुण आहेत, चाळीसच्या आतले. संमेलन कशाचे, हे त्यांनी आधी नीट विचारून घेतले आणि मग म्हणाले, “पौषात लॉन मोकळंच असतंय, मॅडम. तुम्ही म्हणशीला तसं करूया.” तिथून पुढे मात्र दोन तास प्रत्येक बाब तपशिलाने बोलावी लागली, आणि ते योग्यच झाले.

निवासी संमेलनाचा सगळा डोलारा खोल्यांच्या करारावर उभा असतो, हे लिहून ठेवायला हवे. आम्ही ४० खोल्या राखून ठेवायला सांगितल्या आहेत. एका खोलीत तिघे धरले तर १२० माणसे होतात. या खोल्या भरल्या तर हॉलचे भाडे लागणार नाही, असा त्यांचा प्रस्ताव आहे. परंतु ३१ डिसेंबरपर्यंत ३२ पेक्षा कमी खोल्यांची नोंदणी झाली तर उरलेल्या फरकाचे पैसे आम्ही भरायचे. ही अट कोणत्याही हौशी मंडळाला बुडवू शकते, कारण आपल्याकडे लोक “येणार, नक्की येणार” म्हणतात आणि पैसे आदल्या आठवड्यात भरतात. म्हणून मुदत एकच न ठेवता दोन टप्प्यांत ठेवावी, नोव्हेंबरअखेर आम्हाला दंडाशिवाय दहा खोल्या सोडता याव्यात, आणि सोडलेल्या खोल्या त्यांनी दुसऱ्या कोणाला विकल्या तर त्यांचा भार आमच्यावर येऊ नये, अशी दुरुस्ती मी सुचवली. ती त्यांनी मालकांपुढे ठेवायचे कबूल केले आहे.

हे सगळे का करायचे, असे आमच्यातलेच काही जण विचारतात. दसरा चौकातले शाहू स्मारक भवन एका दिवसासाठी घेतले असते तर खर्च कितीतरी कमी झाला असता, हे खरे आहे. परंतु एका दिवसाच्या कार्यक्रमात काय होते ते आपण वर्षानुवर्षे पाहिले आहे. दीपप्रज्वलन होते, प्रास्ताविक होते, शाल-श्रीफळ होते, अध्यक्षांचे भाषण लांबते आणि चंदगडहून आलेला वाचक शेवटची एसटी गाठण्यासाठी प्रश्नोत्तरांच्या आधीच उठून जातो. त्याने वीस वर्षे एकट्याने वाचले आहे. गावात त्याच्याशी कालप्रवासातल्या विरोधाभासावर बोलणारे कोणी नाही, घरी पुस्तकांचा विषय काढला तर कौतुक होते, पण चर्चा होत नाही. त्याला भाषण नको आहे. त्याला रात्री एक वाजता, जिन्याच्या पायरीवर बसून, आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाशी वाद घालायचा आहे. तो वाद ज्या वेळात होतो तो वेळ कार्यक्रमपत्रिकेत छापता येत नाही, फक्त त्याच्यासाठी जागा आणि चहा यांची सोय करून ठेवता येते. माझ्या मते संमेलन ते हेच. बाकीची सत्रे माणसांनी एकमेकांना ओळखावे म्हणून असतात.

त्यामुळे मी चहासाठी भांडले. रिसॉर्टचे स्वयंपाकघर रात्री साडेदहाला बंद होते आणि बाहेरचे खाणे आणू देत नाहीत. परदेशातल्या संमेलनांत एक खोली दिवसरात्र उघडी असते. तिथे चहा, कॉफी, फळे, बिस्किटे ठेवलेली असतात आणि कोणीही येऊन बसावे अशी रीत असते. तशी एक खोली आम्हाला तळमजल्यावर हवी आहे, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही सहज आत येता येईल अशी. व्यवस्थापकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “मोठं थर्मास भरून ठेवतो की. पोरं झोपली तरी तुमचं चालतंय.” खाण्याला भडंग आणि केळी यांची परवानगी मिळाली. वरच्या मजल्याचा एक भाग लवकर झोपणाऱ्यांसाठी शांत ठेवायचा, हेही ठरले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक कायद्यानेच बंद, त्यामुळे रात्रीची सगळी सत्रे माईकशिवायच होतील. मला ते अधिक आवडते.

निघण्याआधी लॉनवरचे दिवे बंद करून पाहायची विनंती केली. ते थोडे साशंक होते, कारण सुरक्षेचे कॅमेरे आहेत आणि पायऱ्या निसरड्या आहेत. पाऊस थांबला होता, वर ढगच होते, तरी अंधार किती होतो ते समजायला हवे होते. हॅलोजन विझले आणि स्वागतकक्षाच्या काचेतून येणारा पांढरा पट्टा थेट गवतापर्यंत लांबलेला दिसला. तिथे जाड पडदा लागेल. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा एक झोत ते सगळे क्षणात पुसून टाकतो. म्हणून प्रत्येकाला नोंदणीच्या वेळीच लाल जिलेटीन कागद आणि रबर द्यायचे, टॉर्चच्या तोंडावर लावण्यासाठी. मी बरोबर नेलेला तुकडा व्यवस्थापकांच्या टॉर्चला लावून दाखवला. त्या तांबूस उजेडात पायऱ्यांच्या कडा स्पष्ट दिसतात हे त्यांनी स्वतः चालून पाहिले आणि मगच दिवे बंद ठेवायला होकार दिला.

शुक्रवार, २४ जुलै

उद्या आषाढी असल्यामुळे कार्यक्रमाची बैठक आजच घेतली.

कथास्पर्धेवर फारसा वाद झाला नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत नारळीकरांनी आपली कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले, कारण परीक्षकांनी कथा पाहावी, शास्त्रज्ञाचे नाव पाहू नये, अशी त्यांची इच्छा होती. त्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. आमच्याकडेही हस्तलिखितावर नाव नसेल, फक्त क्रमांक असेल. आणि अठरा वर्षांखालच्या लेखकांचा गट वेगळा असेल, कारण मला गडहिंग्लज-आजऱ्याकडची मुले त्यात हवी आहेत.

वेशभूषेच्या सत्राला दोन ज्येष्ठ सदस्यांचा विरोध होता. हा पोरखेळ साहित्याच्या संमेलनात नको, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना सांगितले की १९३९ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, सुमारे दोनशे लोक जमले, आणि तिथेच फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे चाहते भविष्यातल्या माणसांचे पोशाख घालून वावरले. ते पोशाख डग्लस यांनी स्वतः शिवले होते. म्हणजे ही परंपरा संमेलनाइतकीच जुनी आहे. आणि कोल्हापूरला तर हातांनी जग उभे करण्याची सवयच आहे. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून इथे चित्रपट काढले, आणि आजही गणपतीत हलते तांत्रिक देखावे उभे करणारे कारागीर इथल्या गल्ल्यांत आहेत, लेथवर हवा तो भाग करून देणारी माणसे उद्यमनगरात आहेत. त्यांच्यापैकी दोघांना बोलावून “यंत्रमानवाचा हात कसा हलतो” हे प्रत्यक्ष करून दाखवण्याचे सत्र शनिवारी सकाळी ठेवले आहे. ते ऐकल्यावर विरोध करणाऱ्यांपैकी एक काका म्हणाले, “हे असेल तर मी पहिल्या रांगेत बसतो.”

त्याच १९३९ च्या संमेलनातली दुसरी गोष्टही मी मुद्दाम सांगितली. आयोजकांचे आणि दुसऱ्या एका गटाचे आपसांत भांडण होते, आणि त्या गटातल्या सहा जणांना दारातूनच परत पाठवण्यात आले. त्यांत फ्रेडरिक पोल होते, जे पुढे या क्षेत्रातले मोठे लेखक आणि संपादक झाले. आपल्याकडेही गट आहेत: विज्ञान काटेकोर असलेच पाहिजे असे मानणारे आणि कल्पनेला मोकळीक हवी म्हणणारे, भाषांतरे वाचणारे आणि फक्त मराठीतच लिहिले जावे म्हणणारे. मला ते सगळे एकाच जेवणाच्या पंगतीला हवे आहेत, तांबडा-पांढरा खाणारे आणि शाकाहारी यांची ताटे वेगळी असली तरी पंगत एक. कोणाचे नाव यादीतून वगळायचे असेल तर त्याचे लेखी कारण संपूर्ण समितीपुढे यावे, असा ठराव मी मांडला आणि तो मंजूर झाला. मला या आठवड्यातले हे सर्वांत महत्त्वाचे काम वाटते.

जागतिक संमेलनाची आणखी एक रीत आम्ही स्वीकारली. तिथे येणारा माणूस तिकीट काढत नाही, तो सदस्य होतो, आणि सदस्य म्हणूनच विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांसाठी मत देतो; ते पुरस्कार १९५३ पासून दिले जातात. काम करणारे सगळे स्वयंसेवक असतात, पगारी कोणी नसतो. आमच्याकडेही व्यासपीठावरचा लेखक आणि नोंदणीच्या टेबलावर बसणारी मुलगी हे दोघे सारखीच वर्गणी भरतील. यावर बरीच कुजबुज झाली, कारण पाहुण्याकडून पैसे घेणे आपल्या रीतीत बसत नाही. प्रवासखर्च आणि निवास यांची सोय मंडळाने करावी, वर्गणी मात्र सर्वांनी भरावी, यावर शेवटी एकमत झाले.

विद्यार्थ्यांच्या वर्गणीचा प्रश्न राहिला. खोलीचा, जेवणाचा आणि चहाचा खर्च धरला तर पूर्ण रक्कम एखाद्या वसतिगृहातल्या मुलाला परवडणारी नाही, आणि निम्मी केली तर उरलेली रक्कम कुठून तरी यायला हवी. दहा विद्यार्थ्यांचा भार उचलणारे दहा सदस्य शोधायचे, आणि कोणी कोणाचा भार उचलला हे कोणालाच कळू द्यायचे नाही, अशी माझी सूचना आहे. पाच जणांनी आजच होकार दिला. उरलेल्या पाचांसाठी सोमवारपासून फोन करायचे आहेत, आणि त्याआधी कराराचा दुरुस्त मसुदा रिसॉर्टला पाठवायचा आहे; त्यात लॉनच्या दिव्यांचे कलम मी स्वतः लिहिणार आहे.